पाटकर बाईंची दोन वाजताची भूक

शाळेच्या स्टाफरूममध्ये किस्से कुणी गोळा करत नाही, ते आपोआप साठतात. एकाच टेबलाभोवती वर्षानुवर्षं तेच चार-पाच जण डबे उघडून बसले की आणखी काय होणार? आणि मोकळं बोलायला मिळायचं ते फक्त मधल्या सुट्टीत, त्यामुळे आमचे बहुतेक किस्से खाण्याचे.

मी चित्रकलेची शिक्षिका. शाळा उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये, सकाळच्या अधिवेशनाची. मी अंबरनाथहून यायचे. टेबलावर माझ्या उजव्या हाताला पाटकर बाई, इतिहास-भूगोलाच्या. बदलापूरला हेंद्रेपाड्यात एकट्या राहायच्या. लग्न केलं नव्हतं, आई होती ती वारली होती. समोर मोहिनी टीचर, हिंदीच्या. सिंधी, कॅम्पातच जन्मलेल्या आणि कॅम्पातच दिलेल्या. आणि टेबलाच्या टोकाला पी.टी.चे शिंदे सर. सर मैदानावर शिट्टीने बोलायचे आणि स्टाफरूममध्ये तोंडाने, दोन्हीचा आवाज सारखाच.

ही गोष्ट ऐंशी-नव्वदच्या सांध्यातली. आता सगळे रिटायर झालो, म्हणून सांगायला हरकत नाही. पाटकर बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "सांगा. फक्त शिंदे सरांसारखं वाढवून सांगू नका."

* * *

पाटकर बाईंच्या हाताला चव होती. डाळिंबीची उसळ, भरली वांगी, घडीच्या पोळ्या. डबा उघडला की टेबलभर वास. पण त्या स्वतः खायच्या नाहीत. डबा उघडायच्या, आमच्याकडे सरकवायच्या आणि चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसायच्या.

"आज काय, उपास?"

"नाही हो. सकाळची भूकच नसते मला. घास फिरतो तोंडात."

आम्हाला वाटायचं डाएट करत असतील. पण डाएट करणारं माणूस बारीक होतं. बाई वर्षागणिक भरत चालल्या होत्या. चेहरा सुजल्यासारखा, जिना चढताना मध्ये थांबायच्या.

एकदा शिंदे सर त्यांच्याच डब्यातलं वांगं खाता खाता म्हणाले, "पाटकर बाई नुसती हवा खाऊन जगतात. आणि बदलापूरची हवा त्यांना चांगलीच मानवलीय."

सगळे हसले. बाईसुद्धा हसल्या. मग त्यांनी पदर दोन्ही खांद्यांवरून नीट ओढून घेतला आणि तास नसताना वर्गावर निघून गेल्या.

* * *

मोहिनी टीचरना कुणी खाल्लं नाही की अपमान वाटायचा. एका सोमवारी त्या घरून दाल पकवान घेऊन आल्या. मोठाले कुरकुरीत पकवान, वर चण्याची डाळ, चिंचेची चटणी, कांदा. पाटकर बाईंच्या पुढ्यात प्लेट ठेवली.

"बाई, मेरे हाथ का है. थोडं तरी तोडा."

"मोहिनी टीचर, खरंच नको. घरी नेते मी."

"घर ले जाके क्या करोगे, नरम पडेल ते."

शेवटी पकवान कागदात बांधून, डाळ डब्यात भरून बाईंच्या पिशवीत गेली. दुसऱ्या दिवशी मोहिनी टीचरनी आल्या आल्या विचारलं, "कसं झालं होतं?"

"फार छान. रात्री खाल्लं. चारही खाल्ले."

"रात को? दाल पकवान?" मोहिनी टीचरना हसू आवरेना. "अरे बाई, ये तो सवेरे का नाश्ता है. आपकी घड़ी उल्टी चलती है क्या?"

पाटकर बाई वही तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हो, उलटीच चालते."

तेव्हा आम्हाला तो विनोद वाटला.

* * *

स्टाफरूममध्ये एक सामाईक ड्रॉवर होता. त्यात खडू, टाचण्या, जप्त केलेल्या टिकल्यांची पाकिटं आणि अशाच वस्तू पडलेल्या असत. एका शनिवारी शिंदे सर शिट्टी शोधत होते, तेव्हा त्यांच्या हाताला एक किल्ली लागली.

"ही कुणाची?"

"माझी," पाटकर बाई म्हणाल्या. "राहू दे तिथेच."

"कशाची आहे?"

"स्वयंपाकघराची."

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघायला लागलो. घराची किल्ली एकवेळ कुणी शाळेत विसरेल. पण स्वयंपाकघराला वेगळं कुलूप, आणि त्याची किल्ली बदलापूरहून आणून कॅम्प एकच्या ड्रॉवरमध्ये ठेवायची?

शिंदे सरांना असं काही मिळालं की ते सोडत नसत. "कुलूप कशाला, बाई? चोर येतो का रात्रीचा?"

"येतो."

"मग पकडत का नाही?"

"ओळखीचा आहे," बाई म्हणाल्या.

सर खो खो हसले. मी मात्र नाही हसले, कारण मला बाईंचे डोळे दिसत होते. खाली काळी वर्तुळं होती आणि बाई हातातल्या चहाच्या कपाकडे बघत होत्या.

शाळा सुटल्यावर मी त्यांना गाठलं. रस्त्याच्या कडेला, फर्निचरच्या दुकानांसमोर उभं राहून विचारलं, "खरं काय ते सांगा." त्यांनी सांगितलं. रोज रात्री जाग येते. उठल्यावर खाल्ल्याशिवाय झोप येत नाही. थोडंथोडकं नाही, दोन-तीन पोळ्या, भाजी, भात, असेल ते. एकदा खाऊन भागलं नाही तर पहाटे पुन्हा. झोपेत नाही, चांगलं जागेपणी, सगळं कळत असतं. सकाळी लाज वाटते आणि अन्नाकडे बघवत नाही.

"म्हणून कुलूप लावलं?"

"हो. एक किल्ली कामवालीकडे, ती पहाटे आणि संध्याकाळी येऊन उघडते. ही शाळेत ठेवली की रात्री मिळायची नाही."

"मग? थांबलं का?"

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाल्या, "परवा देव्हाऱ्यातली खडीसाखर खाल्ली. देवापुढची वाटी पुसून ठेवली."

* * *

मी त्यांना डॉक्टरकडे पाठवलं. म्हणजे सोबत गेले. अंबरनाथला आमच्या घराजवळ एक डॉक्टर होते, घाईचे पण हुशार. त्यांनी वजन केलं, ब्लडप्रेशर बघितलं, आईला डायबेटीस होता का विचारलं आणि उपाशीपोटी रक्त तपासायला सांगितलं. रात्रीच्या खाण्याबद्दल बाई बोलल्या नाहीत. मी कोपराने खुणावलं, तरी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमध्ये रक्त घेणाऱ्या माणसाने विचारलं, "रात्री जेवल्यानंतर काही खाल्लेलं नाही ना?"

"नाही," पाटकर बाई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "खरंच नाही?"

"चार पोळ्या आणि गुळाचा खडा. कुलूप लावायच्या आधीच बाहेर काढून ठेवलं होतं. पहाटे." मग माझ्यावरच चिडून म्हणाल्या, "त्याला काय सांगू? तो तरुण पोरगा. त्याच्यासमोर कसं सांगू?"

रिपोर्टमध्ये साखर वाढलेली आली. ती तशी वाढायला लागली होतीच, पण उपाशी म्हणून दिलेलं रक्त उपाशी नव्हतं, त्यामुळे ती आणखीच दिसली. डॉक्टरांनी गोळी दिली, सकाळी घ्यायची. पथ्याचा कागद दिला. पुढच्या वेळी पुन्हा तपासलं, साखर जशीच्या तशी. त्यांनी गोळी वाढवली. त्यानंतर आणखी वाढवली आणि जरा रागावूनच म्हणाले, "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात. पथ्य का पाळत नाही?"

"दिवसभर पाळते, डॉक्टर," बाई म्हणाल्या.

एका अक्षरानेही खोटं नव्हतं.

* * *

आता विचार करा. गोळी सकाळी घ्यायची, घरातून निघताना. गोळी साखर खाली आणणार. आणि पोटात दुपारपर्यंत चहाशिवाय काही नाही. आम्हा कुणाच्या हे लक्षात आलं नाही. डॉक्टरांच्याही नाही, कारण त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आठवीच्या वर्गावर बाईंचा भूगोलाचा तास होता. मी शेजारच्या वर्गात पानाफुलांची नक्षी काढून घेत होते. आठवीतली एक मुलगी दारात आली आणि म्हणाली, "बाई, पाटकर बाई फळ्यावर काहीतरीच लिहितायत."

मी गेले. फळ्यावर नद्यांची नावं होती. पहिली दोन सरळ, पुढची तिरकी, शेवटची तर नुसती रेघ खाली गेलेली. बाई खुर्चीत बसल्या होत्या. घामाने ब्लाउज भिजलेला, हात थंडगार. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आई उठली का?"

मुली घाबरून गप्प होत्या. मी मोहिनी टीचरना हाक मारली. त्यांच्या सासऱ्यांना शुगर होती, त्यामुळे त्यांना बघताक्षणी कळलं. त्यांनी शिपायाला चहाच्या साखरेचा डबा आणायला पिटाळलं, ग्लासात पाणी घेऊन मूठभर साखर ढवळली आणि बाईंच्या ओठांना लावली.

बाईंनी तोंड घट्ट मिटून घेतलं.

"पियो बाई. जल्दी."

"दिवसा नको," बाई म्हणाल्या. लहान मुलासारख्या. "मला दिवसा जात नाही."

मी त्यांचे हात धरले होते. मोहिनी टीचरनी एका हाताने त्यांच्या डोळ्यांवर तळवा ठेवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "तो आँखें बंद करो. समझो रात है."

बाईंनी डोळे मिटले आणि सगळा ग्लास प्यायल्या.

* * *

त्याच दिवशी मोहिनी टीचर त्यांना रिक्षात घालून कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या सिंधी डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. मीही होते. दवाखाना एवढासा, बाहेर बाकडं. डॉक्टरांनी गोळीचं पाकीट बघितलं, शाळेत काय झालं ते ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला, "सवेरे नाश्ता क्या किया?"

"काही नाही."

"रोज़ नहीं करतीं?"

"रोज नाही."

"और रात को कितने बजे उठती हो?"

पाटकर बाई माझ्याकडे वळल्या. त्यांना वाटलं मी सांगितलं असेल. मी मान हलवली. डॉक्टर म्हणाले, "किसी ने नहीं बताया. मेरे दो पेशंट और हैं ऐसे. बोलो, कितने बजे?"

"दोन वाजता."

"दो ही क्यों?"

आणि मग बाईंनी, जे आम्हाला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं, ते एका दमात सांगितलं. आईला इन्सुलिन होतं. रात्री साखर एकदम उतरायची. एकदा तर आई सकाळी उठेचना, हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. तेव्हापासून बाई रोज रात्री दोनचा गजर लावून उठायच्या, आईला बसतं करायच्या आणि दूध-बिस्कीट द्यायच्या. आईला एकटीने खायला आवडायचं नाही. "तूही घे" म्हणायची. मग दोघी पलंगावर बसून खायच्या. तेवढा वेळ आई छान बोलायची, माहेरच्या गोष्टी सांगायची. दिवसभर बाई शाळेत, आई एकटी, आणि संध्याकाळी दोघी थकलेल्या. बोलणं व्हायचं ते दोन वाजताच.

"आई गेली त्या रात्रीसुद्धा जाग आली," बाई म्हणाल्या. "गजर नव्हता लावला. उठून बसले. आई नव्हती, भूक होती."

मोहिनी टीचर खिडकीकडे बघायला लागल्या.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि समजावून सांगितलं, अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत. ही चटक नव्हे आणि हावरटपणाही नव्हे, हा आजार आहे. काही माणसांची दिवसाची भूक रात्रीकडे सरकते. सकाळी अन्न नको वाटतं, संध्याकाळपासून मन खचत जातं, रात्री जाग येते आणि खाल्ल्याशिवाय डोळा लागत नाही. मग वजन वाढतं, साखर वाढते, छातीत जळजळतं, झोप मोडते. झोप मोडली की मन आणखी खचतं, की पुन्हा भूक. त्यांनी गोळी कमी केली. मनासाठी वेगळी दिली. कुलूप काढून टाकायला सांगितलं. संध्याकाळी पोटभर जेवायचं आणि सकाळी घोटभर दूध का होईना, पण घ्यायचंच.

"और डॉक्टर से झूठ नहीं बोलने का," ते म्हणाले. "खाया तो खाया बोलो. मैं कोई आपकी सास हूँ?"

पाटकर बाई हसल्या. पदर डोळ्यांना लावून बराच वेळ हसत राहिल्या.

* * *

सकाळचं खाणं हे सोपं काम नव्हतं. पहिले काही आठवडे अर्ध्या बिस्किटावर बाईंचे डोळे भरून यायचे. मोहिनी टीचर त्यांच्याशेजारी खुर्ची ओढून बसायच्या आणि उरलेलं अर्धं स्वतः खायच्या. "मला पण एकटीने खायला आवडत नाही," म्हणायच्या. हळूहळू अख्खं बिस्कीट झालं, मग केळं, मग अर्धी पोळी. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी बाई पहिल्यांदा स्वतःच्या डब्यातली डाळिंबीची उसळ स्वतः जेवल्या आणि म्हणाल्या, "मीठ जरा जास्त झालंय. इतकी वर्षं तुम्ही कुणी बोलला कसे नाही?"

शिंदे सर मात्र आठवीच्या वर्गातल्या त्या प्रकारापासून गप्प झाले होते. म्हणजे आमच्याशी नेहमीसारखेच, पण पाटकर बाईंशी एकदम अदबीने. "बाई, बसा. बाई, पाणी देऊ?" एवढंच. त्यांच्या पुढ्यातून वांगं उचलायलाही बिचकायचे.

शेवटी बाईच एक दिवस म्हणाल्या, "सर, माझ्यावर काहीतरी बोला ना. तुम्ही असं वागलात की मला आजारी असल्यासारखं वाटतं."

सरांनी खूप विचार केला. कान लाल झाले त्यांचे. मग म्हणाले, "बाई, सुचत नाहीये."

त्यावर आम्ही जेवढं हसलो, तेवढं सरांच्या कुठल्याच विनोदावर हसलो नव्हतो.

असं म्हणता येणार नाही की आजार पळून गेला. सण आला, आईची तिथी आली, परीक्षेचे पेपर तपासायचे ढीग आले की पुन्हा रात्री जाग यायची. पण त्या लपवायच्या नाहीत. सकाळी येऊन सांगायच्या, "काल उठले होते. दोन पोळ्या." साखर ताब्यात आली. जिना न थांबता चढायला लागल्या. आणि एक वर्ष असं आलं, की रात्रीची जाग जवळजवळ बंद झाली.

* * *

त्या वर्षातलीच ही गोष्ट. बाईंनी ही मला मैदानावर, मुलींची लेझीम चालू असताना सांगितली.

हेंद्रेपाड्यात त्यांच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये कर्णिक म्हणून एक गृहस्थ राहायचे. कुठल्यातरी कंपनीतून रिटायर झालेले, बायको गेलेली, मुलगा मस्कतला. दोघांची स्वयंपाकघरं भिंतीला भिंत लागून. जिन्यात भेटले तर नमस्कार, पाणी गेलं तर "तुमच्याकडे आहे का" एवढीच ओळख.

एका रविवारी सकाळी त्यांनी बेल वाजवली. आत येईनात. दारातच उभं राहून म्हणाले, "बाई, एक विचारू का? रागावू नका."

"विचारा ना."

"रात्री तुमच्या डब्याचं झाकण वाजायचं. पत्र्याचा डबा असावा. घट्ट बसतं त्याचं झाकण."

पाटकर बाईंचा चेहरा उतरला. म्हणजे इतकी वर्षं भिंतीपलीकडे हे ऐकू जात होतं. त्या म्हणाल्या, "तुम्हाला त्रास झाला असेल. माफ करा. आता नाही होणार."

"नाही, तेच विचारायला आलो," कर्णिक म्हणाले. "हल्ली वाजत नाही. तुम्ही बऱ्या आहात ना?"

"बरी आहे. आता रात्रीची झोप लागते मला."

"हो का? छान. फार छान झालं." ते वळले. मग पुन्हा थांबले. दाराच्या चौकटीला हात लावून म्हणाले, "मला नाही लागत. झाकण वाजलं की वाटायचं, आहे कुणीतरी जागं."

एवढं बोलून ते आपल्या घरात गेले.

मी बाईंना विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार?" पाटकर बाई लेझमीकडे बघत राहिल्या. "रात्री जेवले, गोळी घेतली. दोनचा गजर लावून झोपले. उठले, डबा काढला. रिकामाच होता. झाकण उघडलं, जोरात लावलं. पलीकडे कर्णिक खोकले. मग मी झोपले."